वापरलेली छोटी गाडी: घेण्याआधी काय तपासायचं, घेतल्यावर कुठे खर्च येतो

छोट्या गाडीचे सुटे भाग मोठ्या गाडीच्या भागांपेक्षा थोडे स्वस्त मिळतात. पण गिअरबॉक्स उतरवायला किंवा इंजिनचं हेड (वरचं झाकणासारखं धड) काढायला मेकॅनिकला जवळपास तेवढाच वेळ लागतो, आणि मजुरी त्या वेळेची असते. गाडीची स्वतःची किंमत मात्र बरीच कमी असते. त्यामुळे सेकंडहँड हॅचबॅकमध्ये एकच मोठं काम निघालं, तरी ते गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा खाऊन टाकतं. दोन निघाली, तर थोडे पैसे घालून नवीच घेतली असती तर बरं, असं वाटायला लागतं.

बहुतेक लोक वर्ष आणि मीटरवरचे किलोमीटर बघून भाव ठरवतात. मी आधी दुसराच प्रश्न विचारतो: आधीच्या मालकाने कोणती कामं पुढे ढकलली आहेत? कारण ढकललेलं प्रत्येक काम गाडीबरोबर तुमच्या नावावर चढतं. हायवेवर १ लाख किलोमीटर चाललेली आणि वेळच्या वेळी ऑइल बदललेली गाडी, रोज दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारून ४०,००० किलोमीटर झालेल्या गाडीपेक्षा इंजिनने ठणठणीत असू शकते. छोट्या फेऱ्यांमध्ये इंजिन नीट तापतच नाही. मग पाण्याची वाफ आणि न जळलेलं इंधन ऑइलमध्ये साठत राहतं, बॅटरी पुरती चार्ज होत नाही, आणि क्लच-ब्रेकचा वापर किलोमीटरच्या मानाने कितीतरी जास्त होतो.

बघायला जाण्याआधी

फोनवरच तीन गोष्टी मागा: सर्व्हिसची बिलं, चॅसी नंबर आणि इंजिन थंड ठेवण्याचं आश्वासन. बिलं बघताना नुसती संख्या मोजू नका, त्यात काय लिहिलंय ते वाचा. 'जनरल सर्व्हिस' म्हणजे बहुतेक वेळा ऑइल, ऑइल फिल्टर आणि धुलाई. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव), ब्रेक ऑइल, गिअर ऑइल, स्पार्क प्लग आणि टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्ह एका तालात ठेवणारा पट्टा) ही नावं कुठल्या तारखेला आणि किती किलोमीटरवर येतात ते शोधा. आली नसतील तर ती कामं झालेली नाहीत असंच धरून चाला.

चॅसी नंबर १७ अक्षरा-अंकांचा असतो. एक आणि शून्याशी गल्लत होऊ नये म्हणून त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं वापरत नाहीत. हा नंबर उत्पादकाच्या रिकॉल तपासणीत, म्हणजे दोषामुळे परत बोलावलेल्या गाड्यांच्या यादीत, टाकून बघा. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगचं प्रकरण अजूनही रस्त्यावर आहे. त्यांच्या इन्फ्लेटरमधलं (एअरबॅग फुगवणाऱ्या भागातलं) अमोनियम नायट्रेट उष्णता आणि ओलाव्याने वर्षानुवर्षं खराब होत जातं, आणि अशी एअरबॅग फुटताना धातूचे तुकडे उडतात. अनेक कंपन्यांच्या छोट्या गाड्या त्या रिकॉलमध्ये होत्या, आणि हात बदललेल्या गाडीत हे काम राहून जाण्याची शक्यता जास्त असते. रिकॉलची दुरुस्ती उत्पादक सहसा फुकट करून देतो. ती झाली नसेल, तर आधी ती करून घ्या आणि मगच गाडी वापरायला काढा.

थंड इंजिनवर पहिली पंधरा मिनिटं

पोचल्या पोचल्या बोनेटला हात लावा. गरम लागलं तर गाडी आधीच सुरू करून ठेवलेली आहे. मग थोडं थांबा किंवा दुसऱ्या दिवशी या. इंजिनचे बरेच आजार थंड असतानाच दिसतात.

डिपस्टिक काढा. जुनं ऑइल काळं असणं हा दोष नाही. पातळी खालच्या खुणेच्याही खाली असेल तर मात्र ते दोन गोष्टी सांगतं: इंजिन ऑइल खातं किंवा गळतं, आणि मालक बघत नाही. छोट्या इंजिनात सगळं मिळून साधारण ३ ते ४ लिटर ऑइल असतं. एक लिटर कमी झालं म्हणजे पाव ते एक तृतीयांश ऑइल गेलं, आणि उरलेल्यावर तेवढाच ताण वाढला. ऑइल भरण्याच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला तर लगेच घाबरू नका, छोट्या फेऱ्यांच्या गाडीत ओलाव्यानेही तो येतो. डिपस्टिकवरचं ऑइलच दुधाळ असेल तर कूलंट आत शिरतंय, आणि तिथून परत फिरायचं.

आता किल्ली 'ऑन'वर फिरवा, पण सेल्फ मारू नका. डॅशबोर्डवरचे इंजिन, ऑइल, बॅटरी, एबीएस आणि एअरबॅगचे दिवे आधी पेटले पाहिजेत आणि योग्य वेळी विझले पाहिजेत. एखादा दिवा मुळात पेटतच नसेल, तर बिघाड लपवायला कोणीतरी तो काढलेला असू शकतो.

मग गाडी सुरू करा आणि मागे सायलेन्सरपाशी कोणाला तरी उभं करा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. थंड हवेत सुरुवातीला निघणारी पांढरी वाफ चालते, पण इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहिला आणि त्याला गोडसर वास आला तर कूलंट सिलिंडरमध्ये जळतंय. सुरू होताना पहिले काही सेकंद साखळी खडखडल्यासारखा आवाज आला तर तो टायमिंग चेनचा (काही इंजिनांत बेल्टच्या जागी असणाऱ्या साखळीचा) किंवा तिला ताणून धरणाऱ्या टेन्शनरचा असण्याची शक्यता मोठी.

इंजिन तापणं: जीव घेणारा आजार

छोट्या गाड्यांची इंजिनं वयाने कमी आणि दुर्लक्षाने जास्त मरतात, आणि त्या दुर्लक्षात कूलंटचा नंबर पहिला. हेड अॅल्युमिनियमचं असतं. एकदा जोरात तापलं की ते वाकतं, त्याच्याखालचं सील म्हणजे हेड गॅस्केट फुटतं, आणि मग इंजिन उघडावं लागतं. एवढ्या मोठ्या कामाची सुरुवात बऱ्याचदा एखाद्या तडकलेल्या प्लास्टिकच्या भागापासून झालेली असते. रेडिएटरच्या टाक्या, थर्मोस्टॅटचं (तापमानाप्रमाणे कूलंटची वाट उघडणाऱ्या झडपेचं) घर, पाइपांचे जोड हे सगळं आता प्लास्टिकचं असतं आणि आठ-दहा वर्षांत ठिसूळ होतं. मालक थोडं थोडं साधं पाणी घालत राहतो. पाण्याने आतून गंज चढतो, गाळ रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो, आणि एक दिवस काटा लाल पट्ट्यात जातो.

इंजिन थंड असतानाच कूलंटच्या टाकीत बघा. गरम असताना झाकण उघडणं धोक्याचं आहे, उकळतं पाणी अंगावर येतं. रंग हिरवा, गुलाबी, निळा काहीही असो, तो स्वच्छ हवा. तपकिरी गढूळ पाणी दिसलं तर कूलंटऐवजी पाणी घातलेलं आहे. वर तेलाचा तवंग असेल तर गाडी सोडून द्या.

गाडी तापत असेल तर ती कधी तापते यावरून दोष बराचसा ओळखता येतो. ट्रॅफिकमध्ये उभी असताना तापते आणि वेग घेतला की थंड होते, तर रेडिएटरचा फॅन, त्याचा रिले किंवा सेन्सर बघा. वेगात आणि चढावर तापते, तर रेडिएटर आतून तुंबलेला, वॉटर पंप गेलेला किंवा थर्मोस्टॅट अडकलेला असू शकतो. कूलंट कमी होतंय पण खाली थेंबही दिसत नाही आणि पाइप थंड इंजिनवरच लगेच कडक होतात, तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. यासाठी कूलंटच्या टाकीवर जळालेल्या वायूची रासायनिक चाचणी करता येते. ती स्वस्त आणि थोड्या वेळाची असते, संशय असेल तर पैसे देण्याआधी करून घ्याच.

हल्ली बऱ्याच छोट्या गाड्यांना तापमानाचा काटाच नसतो. थंड असताना निळा दिवा आणि तापल्यावर लाल, एवढंच. लाल दिवा लागेपर्यंत उशीर झालेला असू शकतो. म्हणून चाचणी घेताना स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र, त्याबद्दल पुढे आहे) लावून कूलंटचं तापमान बघावं. तापलेलं इंजिन बहुतेक गाड्यांत ८५ ते १०५ अंश सेल्सिअसमध्ये राहतं. एसी लावून गाडी दहा मिनिटं उभी ठेवा, फॅन चालू-बंद होतोय ना ते ऐका, आणि आकडा चढत तर नाही ना ते बघा.

टायमिंग बेल्ट, चेन आणि तेलात फिरणारा पट्टा

रबरी टायमिंग बेल्ट उत्पादकाप्रमाणे साधारण ६०,००० ते १ लाख किलोमीटरला, काही गाड्यांत त्याहूनही उशिरा बदलायचा असतो. पण त्याबरोबर वर्षांची मर्यादाही असते, आणि ती लोक विसरतात. कमी चाललेल्या गाडीचा रबर वयानेही सुकतो. बऱ्याच छोट्या इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड उतरवावं लागतं. बेल्ट बदलल्याचं बिल नसेल तर तो बदललेला नाही असं धरा, आणि बदलताना टेन्शनर, आयडलर आणि पट्ट्यावरच चालणारा वॉटर पंप सगळं एकदम बदला. मजुरी एकदाच लागते.

चेन असली म्हणजे आयुष्यभराची चिंता मिटली असं नाही. ऑइल बदलायला उशीर होत गेला की चेन झिजून लांबते, आणि तिचं काम बेल्टपेक्षा महाग पडतं.

तिसरा प्रकार म्हणजे इंजिन ऑइलमध्येच फिरणारा रबरी पट्टा. फोर्डचं १.० लिटरचं इकोबूस्ट आणि प्यूजो-सिट्रोएनचं १.२ लिटरचं प्युअरटेक ही त्याची माहीत असलेली उदाहरणं. चुकीचं किंवा जुनं ऑइल राहिलं की पट्ट्याचा रबर सुटतो, त्याचे कण ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात, ऑइलचा दाब पडतो आणि इंजिन बसतं. असं इंजिन असलेल्या गाडीत योग्य ग्रेडचं ऑइल वेळेवर घातल्याची बिलं आणि पट्टा बदलल्याचा पुरावा नसेल, तर भाव कितीही उतरवला तरी मी ती घेऊ नका असंच सांगेन.

क्लच आणि गिअरबॉक्स

मॅन्युअल गाडीत क्लच तपासायची सोपी पद्धत: मोकळ्या रस्त्यावर कमी वेगात तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनचा आवाज आणि आरपीएम चढला पण वेग त्या मानाने वाढला नाही, तर क्लच स्लिप होतोय. पेडल जवळपास पूर्ण सोडल्यावरच गाडी हलत असेल तर प्लेट शेवटाला आली आहे. आवाजाचीही खूण आहे. पेडल दाबल्यावर घरघर येत असेल तर रिलीज बेअरिंग, आणि न्यूट्रलमध्ये पेडल सोडल्यावर येऊन दाबल्यावर थांबत असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. पहिलं क्लचच्या कामात निघून जातं. दुसऱ्याला गिअरबॉक्स उघडावा लागतो.

क्लच बदलताना प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकत्र बदलावीत, आणि गिअरबॉक्स खाली आलेलाच आहे तर क्रँकचं मागचं ऑइल सीलही बघून घ्यावं. थोड्या पैशांचं ते सील वाचवायला गेलात आणि पुढे गळलं, तर तीच मजुरी पुन्हा.

ऑटोमॅटिकमध्ये नुसतं 'ऑटोमॅटिक' एवढ्यावर थांबू नका, आत कोणता प्रकार आहे ते विचारा. टॉर्क कन्व्हर्टरवाला (क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारा) जुना प्रकार इंधन थोडं जास्त पितो पण टिकतो. एएमटी म्हणजे साधा गिअरबॉक्स आणि साधा क्लच, फक्त ते यंत्र दाबतं. त्यात गिअर बदलताना हलका झटका असतोच. चढावर ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवणाऱ्या मालकाने क्लच जाळलेला असतो, शिवाय ते दाबणारं यंत्र, म्हणजे अॅक्च्युएटर, महाग पडतं. सीव्हीटीमध्ये स्टीलचा पट्टा दोन पुलींमध्ये फिरतो आणि त्याचं सगळं आयुष्य त्यातल्या ऑइलवर अवलंबून असतं. ते ऑइल 'लाइफटाइम' आहे असं कोणी सांगितलं तरी ऐकू नका, ५०-६० हजार किलोमीटरला उत्पादकाने सांगितलेलंच सीव्हीटी ऑइल घालून बदललेलं बरं. कमी वेगात थरथर, शिट्टीसारखा बारीक आवाज किंवा चढावर दम टाकणं ही त्याची लक्षणं. ड्युअल क्लच (दोन क्लचच्या) गिअरबॉक्समध्ये कोरडे, म्हणजे तेलात न बुडणारे, क्लच असतील तर सरकत्या ट्रॅफिकमध्ये ते तापतात आणि थरथरतात. फोर्ड फिएस्टाचा पॉवरशिफ्ट गिअरबॉक्स याच थरथरीमुळे अमेरिकेत कोर्टापर्यंत गेला होता.

कुठलाही ऑटोमॅटिक असो, गाडी गरम झाल्यावर ब्रेक दाबून डी, आर, पुन्हा डी असं करून बघा. दोन सेकंदांपेक्षा जास्त उशीर किंवा धाडकन झटका नको.

इंजिनचा पिवळा दिवा आणि स्कॅनर

एक साधा ओबीडी स्कॅनर घेऊन जा. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये तो बसतो आणि मोबाइलवर वाचता येतो. बिघाडाचे कोड आहेत का एवढंच बघून थांबू नका, 'रेडीनेस मॉनिटर', म्हणजे गाडीने स्वतःच्या चाचण्या पूर्ण केल्यात का, ते बघा. कोड नुकतेच पुसले असतील किंवा बॅटरी काढून लावली असेल तर बरेच मॉनिटर 'अपूर्ण' दाखवतात. गाडी रोज चालते म्हणणाऱ्या मालकाच्या गाडीत ते सगळे अपूर्ण असतील, तर दिवा तुमच्या येण्याआधी विझवला गेलाय असं समजायला हरकत नाही.

पी०३०० म्हणजे मिसफायर (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणं), आणि पी०३०१, पी०३०२ यांत शेवटचा आकडा सिलिंडरचा. असा कोड आला की त्या सिलिंडरची इग्निशन कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावून बघायची. कोड कॉइलबरोबर सरकला तर कॉइल खराब. नाही सरकला तर प्लग, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन या क्रमाने जा. आधी भाग विकत घेऊन मग बघू, या पद्धतीने लोक नाहक पैसे घालवतात. इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी चालवू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन जळतं आणि स्वस्त कॉइलपायी महाग कन्व्हर्टर वितळतो.

पी०१७१ म्हणजे मिश्रणात इंधन कमी. बऱ्याचदा एखादी चिरलेली व्हॅक्यूम नळी निघते. पी०१२८ बहुतेक वेळा उघडाच राहिलेला थर्मोस्टॅट. पी०४२० आला की लगेच कन्व्हर्टर बदलायला सांगतात, पण आधी सायलेन्सरची गळती आणि ऑक्सिजन सेन्सर तपासून घ्या.

चालवताना कान उघडे ठेवा

गाणी बंद, खिडक्या उघड्या. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू फिरवताना टक-टक आली तर एक्सलचा बाहेरचा सीव्ही जॉइंट (वळतानाही चाक फिरवणारा सांधा). वेगाबरोबर वाढणारी घूं-घूं बहुतेक व्हील बेअरिंगची असते. उजवीकडे वळताना ती वाढली तर भार डाव्या चाकावर येतो, म्हणून डावं बेअरिंग तपासा. खड्ड्यातून हळू जाताना खट-खट आली तर आधी लिंक रॉड, मग लोअर आर्मचे बुश, मग शॉक अॅब्सॉर्बरचं वरचं माउंट. लिंक रॉड स्वस्त आहे, आणि सगळ्या सस्पेन्शनचं बिल मागणाऱ्याकडे तो आधी बदलून मागा.

ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरलं तर पुढच्या डिस्क. पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसत गेलं तर मास्टर सिलिंडर किंवा कुठेतरी गळती, आणि ते लगेचचं काम. तीन सिलिंडरच्या इंजिनाला उभं असताना थोडी थरथर असतेच. आरसे आणि सीट हलायला लागले तर इंजिन माउंटिंग गेलं. एसी चालू करून चढ चढा. छोट्या इंजिनात एसीचा भार लगेच जाणवतो, पण गाडी बंद पडायला आली तर थ्रॉटल बॉडीतली (इंजिनात हवा सोडणाऱ्या भागातली) काजळी किंवा एसीचा कॉम्प्रेसर, दोन्ही बघावं लागेल.

इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग जड लागलं किंवा त्याचा दिवा लागला, तर आधी बॅटरी मोजा. बंद गाडीत १२.४ ते १२.७ व्होल्ट आणि चालू गाडीत साधारण १३.५ ते १४.७ असावेत. कमजोर बॅटरीमुळेही स्टिअरिंगची तक्रार येते. तसं नसेल तर मोटर-कॉलमचा पूर्ण संच बदलावा लागू शकतो.

गाडी वर उचला

लिफ्टवर घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. खालून रबरी बूट फाटलेत का, ऑइल कुठून झिरपतंय, ब्रेकच्या पाइपांवर आणि दारांखालच्या पट्टीवर गंज आहे का, ते टॉर्च मारून बघा. जॅक लावायच्या जागेवर बोट दाबा. खालचा भाग ताज्या काळ्या रंगाने नुकताच झाकलेला असेल तर जास्त बारकाईने बघा.

टायरवर शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात: २३१९ म्हणजे २०१९चा २३वा आठवडा. खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर संपला, पण भरपूर जाडी असलेला दहा वर्षांचा टायरही संपलेलाच. आतली कड जास्त झिजली असेल तर अलाइनमेंट बिघडलंय किंवा काहीतरी वाकलंय. मागच्या चाकाची कड झिजलेली असेल तर ते गंभीर, कारण बहुतेक छोट्या गाड्यांत मागे दोन्ही चाकं जोडणारा एकच आडवा बीम असतो आणि त्याला अॅडजस्टमेंट नसते.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. पुरात बुडालेल्या गाडीत पट्ट्यावर पाण्याची रेघ आणि कार्पेटखाली बारीक गाळ राहतो. बोनेटच्या आणि फेंडरच्या बोल्टवरचा रंग खरवडलेला असेल तर ते उघडले गेलेत, मग का उघडले ते विचारा.

भाव ठरवताना हा हिशेब करा

एका कागदावर झिजणाऱ्या भागांची यादी करा आणि प्रत्येकासमोर दोन आकडे लिहा: त्याचं अपेक्षित आयुष्य आणि आतापर्यंतचा वापर. बेल्टचं आयुष्य १ लाख किलोमीटर आणि गाडी ७०,००० चाललेली असेल, तर त्या कामाचे ७० टक्के पैसे आधीच्या मालकाने वापरलेत. टायर ४५,०००चे आणि ३०,००० चालले, म्हणजे दोन तृतीयांश. क्लच, बॅटरी, ब्रेक पॅड, शॉक अॅब्सॉर्बर यांचं असंच करा. प्रत्येकाच्या बदलण्याच्या खर्चाला त्या टक्क्याने गुणून बेरीज करा. मागितलेल्या किमतीत ही बेरीज मिळवली की गाडी खरी कितीला पडतेय ते कळतं. दोन गाड्यांमध्ये निवड असेल तर याच आकड्यांची तुलना करा. पुष्कळदा जास्त किमतीची वाटणारी गाडी स्वस्त निघते.

काही गाड्या भावात बसतच नाहीत: एकदा जास्त तापून बिघडलेलं इंजिन, पुराचं पाणी, चॅसीपर्यंत गेलेला गंज, उघडलेल्या एअरबॅग. यांना कुठलाही भाव योग्य नाही.

घेतल्यावर पहिल्या महिन्यात

किमतीच्या १५ ते २० टक्के रक्कम बाजूला काढलेली असावी. तेवढी नसेल तर मी थोडी स्वस्त गाडी घ्यायला सांगेन, कारण हा खर्च टळत नाही, फक्त वाढतो. इंजिन ऑइल आणि फिल्टर, कूलंट एकाच प्रकारचं पूर्ण बदलून, ब्रेक ऑइल, गिअर ऑइल, एअर फिल्टर, स्पार्क प्लग आणि पुरावा नसल्यास टायमिंग बेल्ट, हे सगळं पहिल्याच महिन्यात उरकावं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि जोरात तापल्यावर त्यात वाफ होते, म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचं, गाडी चालो न चालो. वेगवेगळ्या रसायनांची कूलंट एकत्र करू नका, रंग जुळला तरी.

मग दर १,००० किलोमीटरला डिपस्टिक बघून वहीत नोंद करा. पहिल्या तीन नोंदींत इंजिनचा स्वभाव कळतो. ऑइल कमी होत असेल पण गळती नसेल, तर आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातले वायू परत आत वळवणारी छोटी झडप) बदलून बघा. तो अडकला की इंजिन ऑइल ओढतं, आणि तो भाग स्वस्त असतो.

किलोमीटरला किती पडतं

लोक पेट्रोल मोजतात आणि थांबतात. पूर्ण हिशेबात पाच गोष्टी येतात: किंमत घसरणं, इंधन, विमा-कर, ठरलेली देखभाल आणि अचानक निघणारी दुरुस्ती. घेतलेल्या किमतीतून विकताना येईल ती किंमत वजा करा आणि त्या काळात चालणाऱ्या किलोमीटरने भागा. विमा-करालाही वर्षाच्या किलोमीटरने भागा. ठरलेल्या प्रत्येक कामाचा खर्च त्याच्या किलोमीटरने भागा. वर्षाला ५,००० किलोमीटर चालवणाऱ्याला विमा आणि घसरण जड जातात, इंधन नव्हे. २०,००० चालवणाऱ्याचं चित्र उलटं असतं. कमी चालवणाऱ्याने इंधन वाचवायला महागडी डिझेल किंवा हायब्रिड घेण्यात अर्थ नाही. त्यातून जुन्या डिझेलला छोट्या फेऱ्या मानवत नाहीत, धुराचा फिल्टर तुंबतो.

इंधनाचं अॅव्हरेज टाकी फुल ते टाकी फुल असंच मोजा, डॅशबोर्डच्या आकड्यावर विसंबू नका. वर्षाला १२,००० किलोमीटरला लिटरमागे १८ पडले तर साधारण ६६७ लिटर लागतात, १४ पडले तर ८५७. हा १९० लिटरचा फरक कशाने येतो? टायरमधली कमी हवा, घासत राहिलेला ब्रेक, उघडाच राहिलेला थर्मोस्टॅट, म्हातारा ऑक्सिजन सेन्सर. घासणारा ब्रेक ओळखायला थोडं चालवून आल्यावर चारही रिमजवळ हात न्या, स्पर्श न करता. एक जास्त धगधगत असेल तर तिथेच पेट्रोल जातंय.

अचानक निघणाऱ्या दुरुस्तीसाठी दर महिन्याला ठराविक रक्कम वेगळी ठेवा, गाडी नीट चालत असली तरी. दोन वर्षं काही निघालं नाही तर तिसऱ्या वर्षी क्लच किंवा कॉम्प्रेसर निघतो, आणि तेव्हा कर्ज काढावं लागत नाही.

कधी थांबायचं

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या बाजारभावाशी ताडून लोक निर्णय घेतात. मला ती तुलना अपुरी वाटते. विचारायचं ते असं: हे काम केल्यावर ही गाडी पुढची दोन वर्षं किती खर्चात चालेल, आणि दुसरी गाडी घेतली तर तेवढ्याच दोन वर्षांत घसरण, विमा आणि तिचाही पहिला महिना धरून किती लागतील? इंजिन, गिअरबॉक्स आणि पत्रा चांगला असेल तर क्लच आणि सस्पेन्शन एकदम निघालं तरी जुनी गाडी ठेवणं बहुतेक वेळा स्वस्त पडतं. तिचे दोष तुम्हाला माहीत आहेत, नव्या हातात येणारीचे नाहीत.

गंजाचं मात्र वेगळं आहे. तो सस्पेन्शन जिथे बसतं त्या जागेपर्यंत किंवा मागच्या बीमच्या माउंटिंगपर्यंत पोचला, तर पट्ट्या वेल्ड करत बसू नका. अशी गाडी सुट्या भागांसाठी विका. चांगलं इंजिन आणि गिअरबॉक्स असेल तर त्यांचेच बरे पैसे येतात.